विश्लेषण : चिनी ‘टीहाऊस’ सुरू असताना अविन्योंचे प्रेक्षक का उठून गेले?

फ्रान्समधल्या अविन्यों नाट्यमहोत्सवात जुलै २०१९ मध्ये चीनचं एक गाजलेलं ऐतिहासिक नाटक सादर झालं. नाव ‘टीहाऊस’, म्हणजे चहाघर. तीन तासांचा प्रयोग, मध्यंतर नाही. काही प्रेक्षक मध्येच उठून गेले आणि जे शेवटपर्यंत थांबले त्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या. एवढ्यावर हे प्रकरण संपायला हवं होतं, कारण नाट्यमहोत्सवात हे रोज घडतं. पण किती जण उठले, किती वेळ टाळ्या वाजल्या, आणि यातून चिनी रंगभूमीची शान वाढली की गेली, यावर चीनमध्ये जोरदार भांडण जुंपलं. प्रेक्षकाच्या प्रतिक्रियेचा अर्थ लावायचा कसा, हा प्रश्न या निमित्ताने नीट पाहता येतो.

नेमकं काय घडलं?

दिग्दर्शक मेंग जिंगहुई हे चीनमधल्या प्रायोगिक रंगभूमीचं मोठं नाव. त्यांनी ‘टीहाऊस’ची नवी आवृत्ती ऑक्टोबर २०१८ मध्ये चीनमधल्या वुझेन नाट्यमहोत्सवात आणली. तिथेही प्रेक्षकांचे सरळ दोन तट पडले होते. पुढच्याच वर्षी अविन्योंच्या अधिकृत कार्यक्रमात या नाटकाला जागा मिळाली. प्रयोग झाले ते ‘ऑपेरा कॉन्फ्लुआन्स’मध्ये. गावातल्या जुन्या ऑपेरा हाऊसची दुरुस्ती सुरू असल्याने रेल्वे स्टेशनजवळ उभारलेलं हे लाकडी, तात्पुरतं नाट्यगृह.

पडदा उघडला की सगळे नट एका रांगेत बसलेले दिसतात आणि पहिल्या अंकाचे संवाद घसा फाटेपर्यंत ओरडून म्हणू लागतात. हालचाल जवळजवळ नाही. वर पडद्यावर फ्रेंच भाषांतर सरकत असतं. त्यानंतर रॉक संगीत, मूळ नाटकात नसलेले दस्तयेवस्की, ब्रेख्त आणि हायनर म्युलर यांचे उतारे, आणि सगळा रंगमंच व्यापून उरणारं एक अवाढव्य लोखंडी चक्र. शेवटी ते फिरू लागतं आणि त्याच्या पोटातलं सामानसुमान वरून खाली आदळत राहतं.

ज्याने मूळ नाटक कधी पाहिलेलं नाही, त्याला हे चक्र भव्य वाटेल. पण ते कशाचं चक्र आहे, हे त्याला कळणार कसं?

मूळ नाटकात आहे तरी काय?

लेखक लाओ शे यांनी हे नाटक १९५६-५७ मध्ये लिहिलं. तीन अंक, सत्तरच्या आसपास पात्रं, जवळपास पन्नास वर्षांचा काळ आणि जागा मात्र एकच. बीजिंगमधलं एक चहाघर. त्याचा मालक वांग लीफा. सगळ्यांशी गोड बोलायचं, कुणाला दुखवायचं नाही, वाऱ्याप्रमाणे पाठ फिरवायची आणि धंदा टिकवायचा, हे त्याचं तत्त्वज्ञान. आपल्याकडे चौकातल्या कोणत्याही जुन्या हॉटेलच्या गल्ल्यावर हा माणूस बसलेला सापडेल.

पहिला अंक १८९८ चा. राजाने हाती घेतलेल्या सुधारणा शंभर दिवसांतच मोडून काढल्या गेल्या आहेत, सुधारक तान सितोंग यांचा शिरच्छेद झाला आहे. चहाघरात मात्र पक्ष्यांचे पिंजरे घेऊन आलेले शौकीन बसलेत, आणि त्याच टेबलांच्या मधून एक गरीब शेतकरी आपली पंधरा वर्षांची मुलगी विकतो. विकत घेणारा कोण? राजदरबारातला म्हातारा खोजा. त्याला बायको हवी आहे. एवढ्यात चांग नावाचा एक सरळ माणूस हे साम्राज्य आता टिकत नाही असं मोठ्याने म्हणून जातो आणि तिथेच बसलेले दोन गुप्तहेर त्याला उचलून नेतात.

दुसरा अंक लष्करशहांच्या काळातला. साम्राज्य गेलं, प्रजासत्ताक आलं, गुप्तहेर मात्र तेच राहिले. फक्त पगार देणारा बदलला. पळून आलेले दोन सैनिक दोघांत मिळून एक बायको विकत घ्यायचा व्यवहार करतात, कारण एकेकट्याला तेवढी ऐपत नाही. तिसरा अंक जपानी शरणागतीनंतरचा. आता त्या गुप्तहेरांची मुलं बापाच्याच धंद्यात आहेत आणि वांगच्या हातून चहाघर जाणार हे ठरलेलं आहे.

नाटकातली सर्वांत बोलकी गोष्ट आहे भिंतीवरची पाटी. राजकारणावर बोलू नये, अशी विनंती करणारे कागदाचे कपटे पहिल्या अंकापासून तिथे चिकटवलेले आहेत. राजवट बदलते, फर्निचर बदलतं, गिऱ्हाईक बदलतं. पाट्या मात्र वाढत जातात आणि अक्षरं अंकागणिक मोठी होतात. तिसऱ्या अंकात शेजारी आणखी एक सूचना येते, चहाचे पैसे आधी द्या. पन्नास वर्षांचा चीनचा इतिहास या दोन पाट्यांत मावतो आणि त्यासाठी एकाही पात्राला भाषण द्यावं लागत नाही.

शेवटी तीन म्हातारे एकत्र येतात. वांग, साधाभोळा चांग आणि कारखाने काढून देश उभा करायला निघालेला, सगळं गमावून बसलेला चिन. मेलेल्या माणसासाठी उधळतात तसले कागदी पैसे ते तिघे जिवंतपणीच स्वतःसाठी उधळतात. त्यानंतर वांग आत जाऊन गळफास घेतो.

लेखकाचं पुढे काय झालं?

लाओ शे यांचा जन्म १८९९ चा, बीजिंगमधल्या गरीब मांचू घरातला. वडील सैनिक. १९०० मध्ये परकीय फौजा शहरात शिरल्या तेव्हा ते मारले गेले. आईने लोकांचे कपडे धुऊन मुलांना वाढवलं. तरुणपणी लाओ शे लंडनमध्ये चिनी भाषा शिकवत होते, नंतर अमेरिकेत राहिले आणि १९४९ मध्ये नव्या चीनमध्ये स्वेच्छेने परतले. सरकारने त्यांना ‘लोककलावंत’ ही पदवीही दिली.

‘टीहाऊस’चा पहिला प्रयोग २९ मार्च १९५८ रोजी बीजिंग पीपल्स आर्ट थिएटरने केला. दिग्दर्शक होते जियाओ जुयिन, वांग लीफाच्या भूमिकेत यू शिझी. काही महिन्यांतच प्रयोग थांबले. आक्षेप असा की नाटकात जुन्या समाजाची पडझड आहे, पण क्रांतीचा ‘लाल धागा’ दिसत नाही. १९६३ मध्ये पुन्हा प्रयोग झाले तेव्हा तसा धागा ओवण्याचा प्रयत्न झाला. मग सांस्कृतिक क्रांती आली. ऑगस्ट १९६६ मध्ये लाल रक्षकांनी ६७ वर्षांच्या लाओ शे यांना जाहीर मारहाण केली. दुसऱ्या दिवशी बीजिंगमधल्या एका तलावात त्यांचा अंत झाला.

हे नाटक पुन्हा उभं राहिलं ते १९७९ मध्ये. त्या वेळी समोर बसलेल्या प्रेक्षकाला ‘राजकारणावर बोलू नये’ ही पाटी १८९८ पुरती वाटली असेल, असं कोण म्हणेल?

युरोपने हे नाटक आधी पाहिलं होतं का?

पाहिलं होतं, आणि डोक्यावर घेतलं होतं. १९८० च्या शरद ऋतूत बीजिंगचा तोच संच पश्चिम जर्मनी, फ्रान्स आणि स्वित्झर्लंडच्या दौऱ्यावर गेला. चिनी भाषेतलं गद्य नाटक अशा रीतीने पश्चिमेत जाण्याची ती पहिलीच वेळ होती. प्रयोग सुरू असताना भाषांतर कानात ऐकू येण्याची सोय होती. युरोपातल्या या स्वागतावर पुढे चीनमध्ये एक पुस्तकच निघालं. त्याच्या नावात चक्क ‘पूर्वेकडच्या रंगभूमीवरचा चमत्कार’ असे शब्द आहेत.

इथे मराठी वाचकाला एक गोष्ट आठवायला हवी. त्याच १९८० साली पुण्याच्या थिएटर अकॅडमीचं ‘घाशीराम कोतवाल’ही युरोपच्या दौऱ्यावर गेलं होतं आणि त्या दौऱ्यातही पश्चिम जर्मनी होताच. विजय तेंडुलकरांचं लेखन, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचं संगीत. नाटक इतिहासातलं, बोलणं सत्तेबद्दलचं. दौऱ्याला इथे कडाडून विरोध झाला, प्रकरण कोर्टात गेलं आणि नाना फडणवीसांच्या थोरवीबद्दलचं निवेदन प्रयोगाआधी परदेशी प्रेक्षकाला वाचून दाखवायचं, अशा अटीवर नाटक गेलं. नाना फडणवीस हे नाव पहिल्यांदाच ऐकणाऱ्या जर्मन माणसाला आधी सांगायचं की ते थोर होते, आणि मग नाटक दाखवायचं! ऐतिहासिक नाटक परदेशी गेलं की देशाची अब्रू त्याच्या सामानात भरून पाठवली जाते, ही काही फक्त चिनी सवय नाही.

मग १९८० मध्ये जे जमलं ते २०१९ मध्ये का नाही?

पहिलं उत्तर सोपं आहे. १९८० मध्ये युरोपने जे पाहिलं ते वास्तववादी नाटक होतं. चहाच्या वाट्या, पिंजरे, लांब वेणी घातलेली माणसं. भाषा कळली नाही तरी मुलगी विकली जातेय हे दिसत होतं. मेंग यांनी दिसण्याची ही सगळी सोय काढून घेतली आणि भार शब्दांवर टाकला. तेही ओरडलेल्या शब्दांवर.

दुसरं उत्तर जास्त महत्त्वाचं. अभिजात नाटक मोडून दाखवण्यात मजा तेव्हाच असते, जेव्हा समोरच्याला न मोडलेलं नाटक माहीत असतं. चीनमध्ये ‘टीहाऊस’चे ७०० हून अधिक प्रयोग झाले आहेत. वांग लीफा पहिल्या प्रवेशात कसा वाकतो, कसा हसतो हे तिथल्या नाटकवेड्यांना पाठ आहे. त्यामुळे मेंग यांची रांगेतली आरडाओरड चिनी प्रेक्षकाच्या कानावर पडते तेव्हा त्याला एकाच वेळी दोन नाटकं ऐकू येतात. एक समोरचं, एक आठवणीतलं. दोघांतलं अंतर हेच खरं नाटक. फ्रेंच प्रेक्षकाकडे दुसरं नाटक नव्हतंच. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर त्याला थेट सुधारित आवृत्तीतले बदल दाखवले, मूळ फाइल दिलीच नाही.

आणि भाषांतराची अडचण वेगळीच. सत्तर पात्रांचं नाटक, एकमेकांत घुसणारे संवाद, सगळ्यांचा आवाज एकाच पट्टीत. कोण काय बोललं हे ओळखायला प्रेक्षकाने नटाचे ओठ पाहायचे की वरचा पडदा वाचायचा? कानात भाषांतर असतं तेव्हा डोळे तरी मोकळे असतात.

मेंग यांच्या बाजूनेही बोलायला हवं. चहाघरात सगळे बोलतात आणि कुणीच कुणाचं ऐकत नाही, हे मूळ नाटकातच आहे. ते ओरडून दाखवणं ही मनमानी नव्हे, तो नाटकाचा एक वाजवी अर्थ आहे. शिवाय पूजेत ठेवलेलं नाटक कुणीतरी हलवायला हवंच. लिन झाओहुआ यांनी १९९९ मध्ये त्याच बीजिंगच्या संस्थेसाठी ‘टीहाऊस’ वेगळ्या पद्धतीने बसवलं होतं. काही वर्षांत संस्था पुन्हा जियाओ यांच्या जुन्या बांधणीकडे वळली. एवढी पकड असेल तर एखाद्याला लोखंडी चक्र आणावंसं वाटणारच.

तरीही तीन तास एकाच तीव्रतेने येणारा आवाज काही वेळाने आवाज राहत नाही, गोंगाट होतो. लाओ शे यांच्या नाटकाची ताकद दबक्या बोलण्यात आहे. पाटीकडे तिरका कटाक्ष टाकून बोलणारी माणसं सतत ओरडू लागली तर पाटीची भीती उरतेच कुठे? प्रयोगाचा सर्वांत कमकुवत दुवा हाच होता, आणि त्यासाठी प्रेक्षक फ्रेंच असण्याची गरज नाही.

उठून जाणं म्हणजे नापसंती का?

अविन्योंमध्ये तरी तसं सरसकट म्हणता येत नाही. ज्याँ विलार यांनी १९४७ मध्ये सुरू केलेल्या या महोत्सवात प्रेक्षक उघड बोलतो. पटलं नाही तर उठतो, कधी ओरडतो, आणि दुसऱ्या दिवशी कॉफी पिताना त्यावर तासभर वाद घालतो. एका दिवसात दोन-तीन नाटकं गाठायची असल्याने घड्याळ आणि शेवटची गाडी हीसुद्धा कारणं असतात. आपल्याकडे नाटक चालू असताना उठणं हा नटाचा अपमान समजला जातो, म्हणून लोक बसून राहतात आणि मोबाइल उघडतात. यात जास्त अपमान कशात आहे, हे नटांनाच विचारलेलं बरं.

टाळ्यांचंही तसंच. शेवटी उभं राहून टाळ्या वाजवणारे म्हणजे जे उठून गेले नाहीत ते. नापसंत असलेले आधीच बाहेर पडले असतील तर उरलेल्यांच्या टाळ्या मोजून प्रेक्षकांचं मत काढणं म्हणजे पास झालेल्यांचीच सरासरी काढून कॉलेजचा निकाल जाहीर करणं. चीनमध्ये जे भांडण झालं ते मात्र नेमकं याच दोन आकड्यांवर. एक बाजू टाळ्या दाखवत होती, दुसरी रिकाम्या खुर्च्या. नाटक काय म्हणत होतं, हे दोन्हीकडे मागे पडलं.

चीनमध्ये हा एवढा नाजूक विषय का?

कारण तिथे प्रेक्षकाच्या प्रतिक्रियेला किंमत मोजावी लागते. मेंग यांचं ‘टीहाऊस’ वुझेनमध्ये येण्याच्या महिनाभर आधीचीच गोष्ट. सप्टेंबर २०१८ मध्ये बर्लिनची शाऊब्यूने ही संस्था इब्सेनचं ‘अॅन एनिमी ऑफ द पीपल’ घेऊन बीजिंगला आली होती. याच नाटकावर सत्यजित राय यांनी ‘गणशत्रू’ केला होता. थॉमस ऑस्टरमायर यांच्या या प्रयोगात एका टप्प्यावर नट प्रेक्षकांना बोलायला सांगतात. बीजिंगचे प्रेक्षक बोलले. दूषित पाण्यावरच्या नाटकातून गोष्ट सरळ आपल्या देशात काय चाललंय, आपल्याला बोलता का येत नाही, इथवर गेली. पुढच्या प्रयोगांत चर्चेचा भाग गाळावा लागला आणि नानजिंगचे ठरलेले प्रयोग तांत्रिक कारण देऊन रद्द झाले.

ही पार्श्वभूमी ठेवून मेंग यांचं नाटक पाहिलं तर रांगेत बसून ओरडणारे नट थोडे वेगळे दिसतात. चीनमध्ये सार्वजनिक प्रयोगाला अधिकाऱ्यांची परवानगी लागते. मंजूर असलेलं, पाठ्यपुस्तकातलं नाटक त्या परवानगीत सहज बसतं. इतिहास ही तिथल्या नाटककारांची जुनी पळवाट आहे. मात्र तिचा भरवसा नाही. मिंग काळातल्या प्रामाणिक अधिकाऱ्यावर वू हान या इतिहासकाराने लिहिलेलं ‘हाय रुईची बडतर्फी’ १९६१ मध्ये रंगमंचावर आलं. त्यातला बादशहा म्हणजे माओ, असा अर्थ पुढे काढला गेला. नोव्हेंबर १९६५ मध्ये त्यावर टीकेचा लेख आला आणि सांस्कृतिक क्रांतीची ठिणगी तिथे पडली असं मानलं जातं. वू हान तुरुंगात मेले.

त्यामुळे अविन्योंमध्ये जो प्रेक्षक सहज उठून दारापर्यंत गेला, त्याच्याकडे असलेली मोकळीक हीच नाटकातल्या चांगकडे नव्हती. तो फक्त एक वाक्य बोलला होता.

महोत्सवाने काय करायला हवं होतं?

फार काही नाही. शिए तिएन यांनी १९८२ मध्ये यू शिझी आणि जुन्या संचाला घेऊन ‘टीहाऊस’वर चित्रपट केला आहे. तो आदल्या दिवशी दाखवता आला असता. आशियातलं नाटक युरोपात नेताना आयोजकांना नवं, झगमगीत, ओळखीच्या जर्मन वळणाचं काहीतरी हवं असतं. ब्रेख्त आणि म्युलर आले की युरोपचा प्रेक्षक सुखावेल, हा हिशेब मात्र चुकला. आपलंच पीठ दुसऱ्याच्या चक्कीतून आलेलं पाहायला तो तिथे गेला नव्हता. त्याला त्या चहाघरात जायचं होतं.

दिग्दर्शकांना प्रेक्षकाला सगळं समजावून सांगणं कमीपणाचं वाटतं, हे समजण्यासारखं आहे. पण ज्या नाटकात एक राजवट जाऊन दुसरी येते आणि ते फक्त भिंतीवरच्या कागदावरून कळतं, त्याला परदेशात थोडी ओळख करून देणं म्हणजे तडजोड नव्हे. ‘घाशीराम’च्या आधी वाचलं गेलेलं निवेदन सक्तीचं होतं, नाटकाला आवर घालण्यासाठी होतं. प्रेक्षकाला आत घेण्यासाठीही निवेदन लिहिता येतं.

प्रेक्षक आणि नाटक यांचं नातं जुळलं की काय होतं?

१६ जुलै १९९२ ची रात्र, बीजिंगचं कॅपिटल थिएटर. ३४ वर्षं वांग लीफा उभा करणारे यू शिझी शेवटचा प्रयोग करत होते. स्मरणशक्ती त्यांना दगा देऊ लागली होती. त्या रात्री ते एकदा नव्हे, अनेकदा संवाद विसरले. समोरच्या लोकांना ते संवाद येत होते, त्यामुळे काय राहून गेलं हे सगळ्यांना कळत होतं. कुणी हसलं नाही, कुणी उठलं नाही. पडदा पडल्यावर टाळ्या थांबेनात. यू शिझी पुढे आले आणि विसरल्याबद्दल त्यांनी प्रेक्षकांची माफी मागितली.